‘आमचं’ शहर आणि ‘आपलं’ शहर : हद्द आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महानगराची हद्द आखणारे, मोजणारे आणि राखणारे सर्व

स. न. वि. वि.

हे पत्र एकाच कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवायचं होतं, पण कुठल्या ते शेवटपर्यंत ठरेना. उपनगरात राहणाऱ्या माणसाला पाण्यासाठी एक दार असतं, रस्त्यासाठी दुसरं, आगगाडीसाठी तिसरं. आणि तिन्ही दारांत ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढं उत्तर मात्र सारखं मिळतं. म्हणून उघडंच लिहिते. महापौर, नगररचनाकार, जनगणनेचे तक्ते भरणारे, प्रवासभाड्याचे टप्पे पाडणारे, ज्याला लागू पडेल त्याने ते आपल्याला लिहिलंय असं समजावं.

मी एका महानगराच्या शेजारी राहते. कुठल्या, ते सांगत नाही आणि आपल्याकडच्या शहरांची नावंही मुद्दाम घेत नाही. घेतली की बोलणं मुद्द्यावरून हमरीतुमरीवर जातं आणि कुणाचं उपनगर जुनं, कुणाचं नवं, यातच दिवस मावळतो. उदाहरणं लांबची देते. लांबचं भांडण शांतपणे बघता येतं.

गाऱ्हाणं असं आहे. बाहेरगावी कुणी ‘कुठले?’ म्हणून विचारलं आणि आम्ही महानगराचं नाव सांगितलं की तुम्ही हसता. ‘राहतात हद्दीच्या पार पलीकडे आणि नाव आमचं लावतात.’ तेच आम्ही तुमच्याकडे काही मागायला आलो, तर म्हणता, ‘एवढा ओढा आहे तर हद्दीत या ना, विलीन व्हा.’ म्हणजे एकदा आम्ही तोतये ठरतो आणि एकदा अर्जदार. आम्ही यातले कुणीच नाही. सांगायचं आहे ते एवढंच, पण ते सांगायला जरा जागा लागेल.

काही वर्षांपूर्वी दोन रात्रींच्या प्रवासात समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. साठी ओलांडलेले, पायाशी दोरीने बांधलेली पिशवी, गाडी हलायच्या आत उशीला हवा भरून तयार. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, ‘कुठल्या तुम्ही?’ मी महानगराचं नाव सांगितलं. चेहरा खुलला. ‘अरे वा, मीपण तिथलाच! राहता कुठे?’ मी दिशा सांगितली. ‘हो, पण नक्की कुठे?’ मग स्टेशन सांगितलं. त्यांनी माशी हाकलावी तसा हात केला आणि म्हणाले, ‘म्हणजे पार तिकडे!’ मी गप्प बसले. थोड्या वेळाने विचारलं, ‘आणि तुम्ही?’ त्यांनीही आधी दिशा सांगितली, मग मोठा रस्ता सांगितला, मग खिडकीबाहेर बघत ठिकाण सांगितलं. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, हद्दीच्या बाहेर, माझ्यापेक्षाही चार स्टेशनं लांब निघालं. दोघंही हसलो. पुढचे दोन दिवस आम्ही त्या शहराबद्दलच बोलत होतो. पावसात कुठल्या पुलाखाली पाणी भरतं, कुठल्या फलाटावर उतरल्यावर उजवीकडे धावावं, मोठ्या इस्पितळात कुठल्या खिडकीपाशी कमी रांग असते. दोघांच्याही तोंडी ते ‘आपलं शहर’ होतं. त्या डब्यात त्या शहराच्या हद्दीतला एकही माणूस नव्हता.

मराठीची एक सोय आहे, पुष्कळ भाषांना ती नाही. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत दोन्हींचं काम एकाच शब्दावर भागवतात. तुमच्या पत्रकांत, भाषणांत, फलकांवर नेहमी ‘आमचं शहर’ असतं. उपनगरातला माणूस सहसा ‘आपलं शहर’ म्हणतो. ‘आमचं’ म्हणायला खरेदीखत लागतं, ते आपल्याकडे नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘आपलं’ म्हणताना तो मालकी सांगत नाही, तुम्हालाही त्यात धरतो. एवढ्या मोकळ्या शब्दाला तुम्ही घुसखोरी का समजता, हे मला आजवर उमगलेलं नाही.

कुठले, याचं उत्तर विचारणारा किती लांबचा आहे त्यावर ठरतं, हे तर तुम्हीही मान्य कराल. परदेशात विचारलं तर देश, दुसऱ्या प्रांतात विचारलं तर महानगर, महानगरात विचारलं तर उपनगर, उपनगरात विचारलं तर ‘पाण्याच्या टाकीमागे’. चारही उत्तरं खरी आहेत. लांबच्या माणसाला आमच्या उपनगराचं नाव सांगणं म्हणजे तो ज्याला ओळखत नाही अशा माणसाची ओळखचिठ्ठी त्याला देण्यासारखं. तो पुढचा प्रश्न विचारणारच, ‘ते कशाजवळ?’ आणि मग तुमचं नाव येणारच. आम्ही फक्त एक प्रश्न वाचवतो.

जपानी लोकांनी याला शब्दच केला आहे. तोक्योच्या नागरिकाला तिथे ‘तोमिन’ म्हणतात. शेजारच्या चिबा किंवा सैतामा प्रांतात राहून रोज कामाला तोक्यो गाठणाऱ्या, मनाने तिकडच्याच झालेल्या माणसाला ‘चिबा-तोमिन’, ‘सैतामा-तोमिन’ म्हणतात. त्यात थोडी थट्टा आहे, थोडी कीवही असावी. तरी माणसांची अशी एक जात आहे, हे भाषेने कबूल तरी केलं.

आणि आम्ही नाव लावलं तर हसणारी शहरं स्वतः काय करतात? तोक्यो डिस्नेलँड १९८३ साली सुरू झालं, ते तोक्योत नाही, चिबा प्रांतातल्या उरायासू शहरात आहे. १९७८ साली सुरू झालेल्या नारिता विमानतळाचं अधिकृत नाव २००४ पर्यंत ‘नवं तोक्यो आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असं होतं, आणि तोही चिबातच. न्यूयॉर्कचे म्हणवणारे अमेरिकन फुटबॉलचे दोन्ही संघ, जायंट्स १९७६ पासून आणि जेट्स १९८४ पासून, आपले घरचे सामने न्यू जर्सी या शेजारच्या राज्यात खेळतात. शर्टावर ‘न्यूयॉर्क’, पायाखाली न्यू जर्सीची जमीन. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये धावण्याचे विक्रम झाले ते सां-दनीत, पोहण्याच्या शर्यती झाल्या त्या नांतेरला, दोन्ही गावं पॅरिसच्या हद्दीबाहेर. लाटांवरच्या सर्फिंगची स्पर्धा तर पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर झाली, तीही ‘पॅरिस’च्याच नावावर. म्हणजे तिकिटं विकायची असतात तेव्हा शहर अर्ध्या पृथ्वीएवढं पसरतं आणि आमच्या स्टेशनवर एक जादा गाडी मागितली की दाराच्या उंबऱ्याएवढं होतं.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही संध्याकाळी आमच्याकडे येत नाही. बाहेर महानगराचं नाव सांगणारी हीच माणसं घरी काय बोलतात? ‘आज जरा शहरात जाऊन येते.’ म्हणजे आपण शहरात नाही हे आम्ही रोज, सहज, काहीही न वाटता बोलून दाखवतो. आणि हे फक्त हद्दीबाहेरचे बोलत नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि क्वीन्स भागांतले लोक कायद्याने न्यूयॉर्क शहराचेच, तरी मॅनहॅटनला निघाले की ‘शहरात चाललो’ म्हणतात. क्वीन्समध्ये पाकिटावर पत्ता लिहितात तोही ‘फ्लशिंग’, ‘अ‍ॅस्टोरिया’, ‘जमेका’ असा. १ जानेवारी १८९८ ला हे सगळं न्यूयॉर्कमध्ये सामील झालं. सव्वाशे वर्षांत पोस्टमनला काही अडचण आल्याचं दिसत नाही.

ब्रुकलिनचं तर बघण्यासारखं आहे. १८९४ मध्ये मतदान घेतलं तेव्हा ते स्वतः एक मोठं शहर होतं, आणि विलीनीकरणाच्या बाजूने कौल लागला तो लाखाच्या वर मतांमध्ये अवघ्या २७७ मतांनी. पुढे तिथल्या जुन्या मंडळींत या विलीनीकरणाला ‘महाचूक’ म्हणायची पद्धतच पडली. आज तिथला माणूस परदेशात सुद्धा ‘न्यूयॉर्क’ न म्हणता ‘ब्रुकलिन’ म्हणतो आणि त्याला कुणी ‘ते कशाजवळ?’ असं विचारत नाही. आमचं उपनगर त्या पदाला कधी पोचेलसं वाटत नाही. असो.

लंडनचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात क्रिकेट आहे. १ एप्रिल १९६५ ला ग्रेटर लंडन झालं आणि मिडलसेक्स परगणा कारभाराच्या नकाशावरून पुसला गेला. त्याचा बहुतेक भाग लंडनच्या पोटात गेला. पण मिडलसेक्सचा क्रिकेट संघ राहिला, लॉर्ड्‌सवर आजही खेळतो. पत्त्यांमध्ये ‘मिडलसेक्स’ लिहिणंही लोकांनी सोडलं नाही. टपाल खात्याने १९९६ मध्ये परगण्याची नावं आवश्यक नाहीत असं ठरवलं, त्यानंतरही नाही. सरे परगण्याची गंमत वेगळीच. किंग्स्टन १९६५ मध्ये लंडनमध्ये गेलं, पण सरे परगण्याचं मुख्यालय पुढे पन्नासहून अधिक वर्षं त्याच किंग्स्टनमध्ये होतं. म्हणजे परगण्याचा कारभार परगण्याबाहेर बसून. तुम्ही रेघ ओढता, माणसं तिच्यावरून ये-जा करत राहतात, आणि कधीकधी कचेऱ्यासुद्धा.

यावरून तुम्ही म्हणाल, मग रेघच पुढे सरकवू, सगळ्यांना आत घेऊ, वाद मिटला. इथेच तुमची नेहमीची चूक होते. शहराला आपलं म्हणणं आणि शहरात विलीन व्हायचा अर्ज करणं, या दोन गोष्टी तुम्ही एक धरता.

मॉन्ट्रियल बेटावरची सगळी गावं १ जानेवारी २००२ ला एका शहरात विलीन केली गेली, लोकांच्या नाखुषीनेच. या गावांतली माणसं मॉन्ट्रियलमध्ये नोकरी करत होती, तिथल्या आइस हॉकी संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडत होती, परमुलखात स्वतःला मॉन्ट्रियलकर म्हणवत होती. तरी २० जून २००४ ला बाहेर पडायची संधी मिळाली तेव्हा पंधरा गावं बाहेर पडली. नुसतं बहुमत पुरेसं नव्हतं, गावातल्या एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी किमान ३५ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत द्यावं अशीही अट होती, ती पार करून. १ जानेवारी २००६ पासून त्यांच्या नगरपालिका पुन्हा सुरू झाल्या. पोलीस, अग्निशमन, पाणी, बस-मेट्रो ही कामं मात्र संबंध बेटाच्या एका सामाईक मंडळाकडे ठेवली. त्या मंडळात मोठ्या शहराचाच वरचष्मा असतो, अशी छोट्या गावांची कुरकुर आजही ऐकू येते. पण नाव ज्याचं त्याला आणि नळ सगळ्यांचा, ही वाटणी निदान करून तरी बघितली गेली. टोरोंटोत १९९७ मध्ये सहा पालिकांतल्या लोकांनी तीन-चतुर्थांशांच्या आसपास मतांनी विलीनीकरण नाकारलं. राज्य सरकारने ते १ जानेवारी १९९८ ला केलंच. त्या सहांतल्या स्कारबरोचे लोक अजून स्कारबरोचेच आहेत. बॉस्टनला खेटून असलेल्या ब्रुकलाइनने तर १८७३ मध्येच ‘नको’ म्हणून सांगितलं. पुढे बॉस्टन त्याच्या जवळजवळ चहूबाजूंनी वाढलं, गाव मधोमध तसंच बसून आहे.

उलटंही होतं, हे लपवत नाही. २०२३ च्या अखेरीला दक्षिण कोरियात गिम्पो हे शहर सोलला जोडायचा प्रस्ताव सत्ताधारी पक्षाने पुढे केला आणि गिम्पोतल्या पुष्कळांना तो आवडला. पण त्यांच्या रोजच्या बोलण्यात काय होतं? गिम्पोतून सोलच्या हद्दीपर्यंत जाणारी, २०१९ मध्ये सुरू झालेली दोन डब्यांची मेट्रो. दोनच डबे, आणि सकाळच्या गर्दीत माणसं चक्कर येऊन पडत होती. मला विचाराल तर त्यांना सोल हवं होतं त्याहून जास्त तिसरा डबा हवा होता. निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष हरला, प्रस्ताव बारगळला. यातली कोपरखळी अशी की ‘गिम्पो’ नावाचा विमानतळ जिथे आहे ती जमीन सोलने १९६३ मध्येच आपल्या हद्दीत घेतली होती. विमानतळ आत, गाव बाहेर.

आमच्या बाजूचंही खोटं असतं. ते सांगितलं नाही तर हे पत्र तुमच्या पत्रकांसारखंच होईल. घर विकायचं असतं तेव्हा आमच्याकडचा बांधकामवाला ‘महानगरापासून फक्त वीस मिनिटं’ असं छापतो. ती वीस मिनिटं पहाटे साडेतीनची असतात, आणि आम्ही सगळे ते वाचून मान डोलावतो. शहराचा कचरा आमच्या बाजूला टाकायचं ठरलं की आम्ही एका रात्रीत स्वतंत्र होतो, आमच्या गावाला वेगळा इतिहास फुटतो. शहरात राहणं न परवडणारी माणसं आमच्या शेजारी राहायला येणार म्हटलं की आमच्यातल्याच काहींना हद्द एकदम पवित्र वाटू लागते. अमेरिकेत अटलांटाच्या शेजारच्या कॉब काउंटीने (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) १९६५ मध्ये अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक व्यवस्थेत यायला मतदान करून नकार दिला. त्या नकारामागे काळे लोक आपल्याकडे येतील ही भीती होती, हे तिथे उघड गुपित आहे. २०१७ पासून अटलांटा ब्रेव्हज हा बेसबॉल संघ त्याच कॉब काउंटीत खेळतो. नाव अटलांटाचं घेतलं, अटलांटाची आगगाडी नको. अशा ‘आपलं’ला मी ‘आपलं’ म्हणणार नाही. तुम्ही त्या लोकांना हसा, मीही हसेन.

पैशाचं बोलणं टाळून चालणार नाही, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. दिवसभर आम्ही तुमचे रस्ते, नळ, दवाखाने वापरतो आणि संध्याकाळी कर भरायला घरी जातो, असं तुम्ही म्हणता. यात तथ्य आहे. न्यूयॉर्कने १९६६ पासून बाहेरून येणाऱ्या नोकरदारांवर छोटासा कर लावला होता. १९९९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो काढला, पण फक्त आपल्या राज्यातल्या उपनगरांसाठी, कारण मतं तिथे होती; न्यू जर्सी आणि कनेटिकटवाल्यांना तो चालू ठेवायचा बेत होता. न्यायालयाने हा भेदभाव चालू दिला नाही आणि कर सगळ्यांचाच गेला. फिलाडेल्फियाचा पगारावरचा कर मात्र १९४० पासून आहे. हद्दीबाहेर राहून शहरात काम करणाऱ्यांनाही तो द्यावा लागतो, दर जरासा कमी. मला तो अन्याय्य वाटत नाही. माझ्यावर असा कर लावलात तर मी भरीन, कुरकुरत का होईना. फक्त पावतीबरोबर एक खुर्चीही द्या. फिलाडेल्फियात कर भरणारा बाहेरचा माणूस तिथल्या महापौराला मत देऊ शकत नाही.

लंडनमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये जास्त धूर ओकणाऱ्या गाड्यांवरचा आकार सगळ्या ग्रेटर लंडनभर लागू झाला. त्याविरुद्ध लंडनच्याच कडेच्या चार बरोंबरोबर, म्हणजे स्वतःची पालिका असलेल्या विभागांबरोबर, शेजारचा सरे परगणाही न्यायालयात गेला होता आणि हरला. धूर कमी व्हावा हे मलाही पटतं. त्या निकालावर माझं काही म्हणणं नाही. पण सरेतला जो माणूस रोज रेघ ओलांडून कामावर जातो, त्याला हा आकार ठरवणाऱ्या महापौराला निवडता येत नाही की पाडता येत नाही. त्याचा परगणा न्यायालयात गेला कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. बैठकीत जागा असती तर वकिलाकडे कशाला गेला असता?

मोजणाऱ्यांनाही दोन शब्द. तुम्ही शहराचं क्षेत्र ठरवता ते रोज कोण कुठे कामाला जातं ते मोजून. अमेरिकेत एखाद्या काउंटीतल्या नोकरदारांपैकी किमान २५ टक्के लोक मध्यवर्ती भागात कामाला जात असतील तर ती काउंटी महानगराची धरतात. फ्रान्समध्ये आधी ४० टक्के लागत, २०२० च्या नव्या व्याख्येत १५ पुरतात. म्हणजे एखादं खेडं रात्री झोपलं तेव्हा मोठ्या शहराचं नव्हतं आणि सकाळी उठलं तेव्हा होतं. मधल्या काळात फक्त तुमचा तक्ता बदलला. मला याची चेष्टा करायची नाही, कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण या मोजणीत माझी आई येत नाही. ती तीस वर्षांत नोकरीसाठी एकदाही शहरात गेलेली नाही. तिचा डोळ्यांचा डॉक्टर तिथे आहे, दोन बहिणी तिथे आहेत, आणि रात्री बातम्या लागल्या की ती आधी तिथल्या पावसाचं ऐकते. आमच्याकडे किती पडला ते तिला खिडकीतून दिसतं, म्हणते. घरून काम करणारा आमचा शेजारीही तुमच्या मोजणीतून आता गळाला असेल. त्याचा पगार शहरातून येतो, तो स्वतः महिन्यातून दोनदा जातो.

आणि मुलं येत नाहीत. आमच्या पिढीने शहराचं नाव उसनं घेतलं, कारण आमचं उपनगर तेव्हा नुसती झोपायची जागा होती. इथेच जन्मलेल्यांना ती गरज वाटत नाही. पॅरिसच्या उत्तरेकडच्या सेन-सां-दनी या जिल्ह्याचा क्रमांक ९३. फ्रेंचमध्ये त्र्याण्णव म्हणायला ‘चार-वीस-तेरा’ असा लांबलचक शब्द आहे. तिथल्या पोरांनी तो टाकून दिला आणि सुटे आकडे म्हणायला लागली, ‘नफ-त्र्वा’, नऊ-तीन. बाहेरच्यांनी जो आकडा नाक मुरडून उच्चारला तोच यांनी छातीवर लावला. फ्रान्समध्ये २००९ पासून गाडीच्या पाटीवर कुठल्याही जिल्ह्याचा क्रमांक लावता येतो, राहण्याच्या पत्त्याशी त्याचा संबंध लागत नाही. पॅरिसचा ७५ लावून कुणीही फिरू शकतो. तरी ९३ लावणारे आहेत. माझी भाची, वय अठरा, परवा कुणालातरी फोनवर आमच्या उपनगराचं नाव सांगत होती, पुढे ‘ते कशाजवळ’ची शेपटी न लावता. पलीकडच्याला कळलं नसावं, कारण ती दुसऱ्यांदा तेच नाव म्हणाली, जरा मोठ्याने. मला क्षणभर वाईटही वाटलं. पुढच्या तीस वर्षांत ‘आपलं शहर’ म्हणणारे कमी होतील, आणि तेव्हा तुम्हाला ते हवे असतील.

मागणं फार नाही. जी कामं रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागतात, गाड्या, पाणी, सांडपाणी, ती जिथे ठरतात त्या बैठकीत आम्हाला मत द्या. नावं जशी आहेत तशी राहू द्या. भाड्याचे टप्पे हद्दीवर तोडू नका. पॅरिसच्या भोवतालच्या सगळ्या प्रदेशात सप्टेंबर २०१५ पासून मासिक पासाला एकच दर आहे. पन्नास किलोमीटरवरून येणारा आणि पाच किलोमीटरवरून येणारा तोच पास दाखवतो. माझ्या मते कुठल्याही विलीनीकरणापेक्षा हा पास जास्त शहाणा आहे. आणि काही झालं तरी घाईघाईने हसू नका. आज भेटकार्डावर पॅरिस म्हणून जो मोंमार्त्रचा चढ छापतात, तो १८५९ संपेपर्यंत पॅरिस नव्हता. शहराच्या जकातीच्या भिंतीबाहेरचं गाव होतं ते, दारू जकातीवाचून मिळायची म्हणून पॅरिसकर तिकडे जायचे. तिथल्या लोकांना तेव्हा कुणी ‘कुठले?’ विचारलं असेल, तर ते काय म्हणत असतील?

एक बारकी गोष्ट अजून. गेल्या महिन्यात एका कार्यालयाचा अर्ज मी पडद्यावर भरत होते. ‘शहर’ या चौकटीत यादी उघडली, आमचं नाव नव्हतं. महानगर होतं आणि ‘इतर’ होतं. महानगर निवडलं, तर खाली लाल अक्षरात आलं, ‘शहर व पिनकोड जुळत नाही.’ ‘इतर’ निवडलं, तर ‘कृपया शहर निवडा.’ अकरा मिनिटं मी या दोन ओळींच्या मधे होते. शेवटी भाचीने येऊन पिनकोड आधी भरला, तेव्हा चौकट आपोआप भरली, आणि त्यात तिसऱ्याच गावाचं नाव आलं, जिथे आमचं मुख्य टपाल कार्यालय आहे. मी ते तसंच पाठवून दिलं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रेघेपलीकडची एक रहिवासी

ता. क. हद्दीवर तुमची जी मोठी पाटी आहे, तिच्या एका बाजूला ‘शहरात आपले स्वागत आहे’ लिहिलंय आणि दुसऱ्या बाजूला ‘धन्यवाद, पुन्हा या’. एकोणीस वर्षं मी रोज सकाळी पहिली बाजू वाचते आणि संध्याकाळी दुसरी. पुढच्या वेळी पाटी रंगवायला काढाल तेव्हा दुसरी बाजू कोरी ठेवता आली तर बघा.